५२९ चे पैसे: लेकीच्या नावावर काढावेत की आपल्या?

अमेरिकेत लेक कॉलेजला गेली, कॅम्पसबाहेर खोली घेतली, की ५२९ खात्यातून (शिक्षणासाठी करसवलतीचं बचत-गुंतवणूक खातं) भाड्याचे पैसे कुणाच्या नावावर काढायचे हा प्रश्न येतोच.

तिच्या खात्यात किंवा थेट कॉलेजला गेले, तर १०९९-क्यू फॉर्म (खात्यातून किती काढले ते कर खात्याला कळवणारा) तिच्या नावाने येतो. आपल्याकडे आले तर आपल्या. ती किमान अर्धवेळ शिकत असेल आणि खर्च नियमात बसला, तर दोन्हीकडे कर शून्य.

फरक पडतो हिशेब चुकल्यावर. भाडं-जेवण कॉलेजने त्या खर्चासाठी धरलेल्या रकमेपर्यंतच (म्हणजे भत्ता) चालतं. समजा भत्ता १४,००० डॉलर आणि एवढ्याच खर्चासाठी काढले १६,०००. जादा २,००० मध्ये गुंतवणुकीच्या वाढीचा वाटा ६०० असेल, तर त्या ६०० वर कर आणि वर १० टक्के दंड, म्हणजे ६० डॉलर. फॉर्म ज्याच्या नावाने, दर त्याचा. लेकीचा दर सहसा कमी, म्हणून मी तिच्याच नावाने काढते. (तिचं व्याज-लाभांशाचं उत्पन्न मोठं असेल, तर किडी टॅक्समुळे (मुलांच्या अशा उत्पन्नावर पालकांच्या दराने लागणारा कर) आपलाच दर मानगुटीवर बसू शकतो.)

आपल्या नावाने काढण्यात सोय एकच: घरमालकाला चेक आपल्या हातचा.

दिवाळीला घरी यायचं विमानाचं तिकीट मात्र कुणाच्याही नावाने काढा, बसत नाही. आणि डिसेंबरात भरलेल्या भाड्याचे पैसे त्याच वर्षात काढा, जानेवारीवर ढकलू नका.