सवानाची प्रालिन आणि घरची कोळंबी
अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात गेलात तर रिव्हर स्ट्रीट स्वीट्स अजिबात सोडू नका, 1973 पासूनचं दुकान आहे, पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा), साखर, बटर, क्रीम आटवून प्रालिन नावाची मिठाई समोरच बनवतात आणि गरम गरम चाखायला देतात, आईला तर आपली नारळाची वडीच आठवली! गोड भरपूर आहे हां, एक दोघांत पुरते. बॉक्स घेऊन भाड्याच्या घरी आलो आणि सगळ्यांनी मिळून लोकंट्री बॉईल, म्हणजे कोळंबी, मका, बटाटे एकत्र उकडायचा तिकडचा प्रकार, केलं, ओल्ड बे मसाल्याच्या पाण्यात आधी बटाटे, मग सॉसेज, मक्याची कणसं आणि कोळंबी अगदी शेवटी 2-3 मिनिटं, नाहीतर वातड होते. टेबलावर पेपर पसरून हातानेच खाल्लं, बाबा सोलून सोलून नातीला भरवत होते, खूप मस्त वाटलं. वरून प्रालिन. ती मात्र ताजीच संपवा, नंतर तेवढी मऊ राहत नाही.