जुन्या पिकअपचा गंज: घरी ग्राइंडर की बाहेर ब्लास्टिंग?

टाटा २०७ असो नाहीतर महिंद्राची जुनी पिकअप, इंजिन-गिअरबॉक्सचं काम करून देणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतात आणि पार्टही मिळतात. पहिल्यांदाच घरी गाडी करायला घेणाऱ्याची खरी कसोटी लागते ती पत्र्यावर. तिथला पहिलाच निर्णय पुढचं सगळं वेळापत्रक ठरवतो. गंज घरीच ग्राइंडरने काढायचा, की केबिन, दरवाजे, हौदा सुटे करून एमआयडीसीतल्या ब्लास्टिंगवाल्याकडे, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा करून गंज उडवणाऱ्याकडे टाकायचे? दोन्ही वाटांनी चांगल्या गाड्या उभ्या राहतात. मी ग्राइंडरच्या बाजूने गेलो, पण त्यामागे पैसे वाचवणं हे मुख्य कारण नव्हतं.

निवड करण्याआधी गाडी नीट ठोकून बघा. केबिनमधली मॅट उचला. बॅटरीखालचा ट्रे, दरवाज्याची खालची दुमड, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, हौद्याखालचे क्रॉस मेंबर (आडवे आधार) आणि कमानपाट्यांचे हँगर (पाटे टांगणारे ब्रॅकेट) या जागा आधी. पेचकसच्या मुठीने ठोकल्यावर टणक आवाज आला तर गंज वरवरचा, बद्द आवाज आला तर पत्रा आतून खाल्लेला. टोक दाबल्यावर आरपार गेलं तर तिथे दोन्ही पद्धतींचा वाद संपतो. तो भाग गंजाच्या कडेपासून इंचभर पुढे, चांगल्या पत्र्यात कापायचा आणि १८ किंवा २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड, बिनजस्ताच्या) पत्र्याचा तुकडा बसवायचा. जीआय पत्रा तिथे नको. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, धूर छातीत जातो आणि टाकाही सच्छिद्र होतो. २० गेजवर आर्क वेल्डिंगने नवख्या हाताला भोकंच पडतात, त्यामुळे ०.८ मिलिमीटर तारेचं सीओटू वेल्डिंग बरं. इंच-इंच अंतरावर टाके मारत, मध्ये पत्रा गार होऊ देत जायचं. सलग ओढलं की पत्रा ताटलाच.

आता जिथे पत्रा शाबूत आहे पण गंजलाय, त्या भागाचं बोलू. गाडीचा बहुतांश भाग हाच असतो.

स्वच्छतेच्या बाबतीत ब्लास्टिंगला तोड नाही, हे आधी मान्य करायला हवं. गंज म्हणजे नुसता वरचा तांबडा थर नव्हे. पत्र्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि खरा गंज त्यांच्या तळाशी बसतो. कॉपर स्लॅग किंवा गार्नेटचे कण हवेच्या दाबाने त्या तळापर्यंत पोचतात. ब्रश तिथे पोचत नाही. जुना रंग, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), अंडरकोट सगळं एका दिवसात जातं आणि आधीच्या डेंटरने लांबीखाली काय काय दडवलं होतं तेही उघडं पडतं. ब्लास्टिंगवाला साधी वाळू वापरत असेल तर मात्र तिथून परत या. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

पातळ पत्र्याचा धोका सगळे सांगतात, तोही खरा आहे. हे कारखाने मुख्यतः टाक्या, गर्डर, पाइप साफ करतात. त्यांचा दाब १०० पीएसआयच्या आसपास असतो आणि हात त्या कामाला बसलेला असतो. तोच नोझल बोनेटच्या सपाट भागावर सरळ, जवळून धरला की कणांच्या माऱ्याने पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि पत्रा फुगतो. असा फुगलेला पत्रा हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) परत बसवणं मुरलेल्या डेंटरलाही जड जातं. दाब निम्म्यावर आणायचा, कण बारीक घ्यायचे, नोझल तिरपा आणि फूटभर लांब धरायचा, हे आधी स्पष्ट बोलून घेतलं तर हा धोका बराच टळतो. दरवाज्याच्या पोकळीत आणि केबिनच्या खांबांत शिरलेले कण ही दुसरी कटकट. ते पूर्ण निघत नाहीत, ओल धरून बसतात आणि काचेच्या मशीनमध्ये करकरत राहतात.

पण माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती वेगळीच आहे: ब्लास्टिंगनंतरचा प्रायमर.

ब्लास्ट केलेला पत्रा पांढुरका, एकसारखा, फार देखणा दिसतो. हात फिरवला तर खरखरीत लागतो, आणि खरं तर तो हातही फिरवायचा नसतो. त्या खरखरीमुळे हवेला लागणारं पृष्ठभागाचं क्षेत्र खूप वाढलेलं असतं आणि वर तेल, रंग, जुना थर काहीच उरलेलं नसतं. घामट बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे होऊन उमटतात. औद्योगिक कामात ब्लास्टिंगनंतर साधारण चार तासांत पहिला हात मारायचा दंडक असतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. कोकणात किंवा मुंबईच्या आसपास जून ते सप्टेंबर हे गणित जमवणं अवघडच.

आता घरच्या माणसाची स्थिती बघा. केबिन, दोन दरवाजे, बोनेट, मडगार्ड, फाळका असं सगळं एकाच दिवशी ब्लास्ट होतं, कारण टेम्पोच्या फेऱ्या परवडत नाहीत. संध्याकाळी माल टेम्पोत चढतो, दोरखंडाने बांधला जातो, चार जणांचे उघडे हात लागतात आणि रात्री घरी उतरतो. तेवढ्या सगळ्या पत्र्याला त्याच रात्री इपॉक्सी प्रायमरचे (हार्डनर मिसळून मारायचा, पक्का धरणारा प्रायमर) दोन हात मारायचे तर मोठा कॉम्प्रेसर हवा, गनवर हात बसलेला हवा आणि हार्डनर मिसळलेला माल संपेपर्यंत न थांबता काम करायला हवं. घरच्या २४ लिटरच्या कॉम्प्रेसरची हवा पाचव्या मिनिटाला संपते आणि गन थुंकायला लागते. शिवाय खडबडीत पत्र्याची टोकं झाकली जातील इतका जाड थर बसायला हवा. तो पातळ राहिला तर टोकांवरूनच गंज फुटतो.

‘मग प्रायमर त्यांच्याकडूनच मारून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. अडचण तिथेच आहे. बहुतेक ठिकाणी गेट-ग्रिलला मारतात तोच साधा रेड ऑक्साइड मारून देतात. तो इनॅमल जातीचा असतो. त्यावर पुढे टू-पॅक (हार्डनर मिसळायचा) इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला, की तिखट थिनरने खालचा थर मऊ पडतो, सुरकुततो आणि उठतो. म्हणजे पैसे देऊन साफ केलेला पत्रा घरी आणून परत घासायचा. त्यातही रेड ऑक्साइड पाणी पूर्ण अडवत नाही, त्यामुळे तो तसाच ठेवून गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी करणंही धोक्याचं. स्वतः इपॉक्सीचा डबा आणि हार्डनर नेऊन दिला आणि समोर उभं राहून मारून घेतला तर हा प्रश्न सुटतो. तसा सहकार्य करणारा कारखाना जवळ असेल तर माझा कल बाजूला ठेवून ब्लास्टिंगचा जरूर विचार करा.

ग्राइंडरची सोय अशी, की कामाचा तुकडा तुम्ही ठरवता. एका संध्याकाळी दोन फूट बाय दोन फूट जागा घ्यायची, साफ करायची, प्रायमर मारायचा आणि झाकून झोपायचं. उघडा पत्रा रात्रभर राहतच नाही. नवख्यासाठी यापेक्षा मोठा आधार नाही. आठवडाभर गाडीला हात लागला नाही तरी केलेलं काम मागे जात नाही.

क्रम असा ठेवा. आधी डिटर्जंट आणि मग थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसून काढा, नाहीतर ब्रश तेच तेल खड्ड्यांत रगडतो. ४ इंची ग्राइंडरला काळी किंवा निळी जाळीदार स्ट्रिप डिस्क लावून रंग आणि सुटा गंज काढा. ती पत्रा खात नाही. फ्लॅप डिस्क फक्त वेल्डिंगचे टाके बसवायला वापरा, कारण २० गेजचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर असतो आणि ६० नंबरची फ्लॅप डिस्क तो बघता बघता कागदासारखा करते. कोपऱ्यांत वायरचा कप ब्रश. ब्रशवर लिहिलेली आरपीएमची मर्यादा ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते बघूनच घ्या. ४ इंची ग्राइंडर ११ हजारांच्या आसपास फिरतो. ब्रशच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, त्यामुळे नुसता गॉगल पुरत नाही, चेहराभर शील्ड हवं. पुढची काच आधी काढून ठेवा किंवा ओल्या गोणपाटाने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते काळे ठिपके कधीच निघत नाहीत.

इथे ग्राइंडरच्या वाटेवरचा मोठा फसवा टप्पा येतो. कप ब्रश गंज काढतो तसाच तो घासून चकचकीतही करतो. खड्ड्यातला गंज पॉलिश होतो, पत्रा आरशासारखा दिसतो आणि काम झालं असं वाटतं. त्यावर रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. म्हणून चमक आल्यावर तिरप्या उजेडात टॉर्च धरून बघा. तपकिरी-काळे ठिपके दिसतील तिथे टोकदार सळईने खरवडा आणि फॉस्फोरिक अॅसिडचा रस्ट रिमूव्हर लावा. हातात रबरी मोजे हवेत. पंधरा-वीस मिनिटं तो ओला राहायला हवा. वाळू लागला तर परत लावा, वाळून पांढरी पावडर झाली तर तिच्यावर प्रायमर धरत नाही. नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसून लगेच हीट गनने वाळवा. खड्डे करडे-काळे दिसले तर चालेल. तांबडे दिसले तर परत एक फेरी. अॅसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट सुकत नाही, त्यामुळे धुण्यात कंजुषी नको.

शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ओरखडे पाडा, थिनरने पुसा आणि इपॉक्सी मारा. एवढ्या छोट्या जागेला गन लागत नाही, चांगला ब्रश पुरतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं तेच घ्या, अंदाजाने वाढवल्याने माल लवकर सुकत नाही, ठिसूळ होतो. लांबी भरायची ती या इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. लांबी पाणी शोषते आणि ते थेट पत्र्याला पोचवते.

दरवाज्याच्या खालच्या दुमडीत मात्र दोन्ही पद्धती हरतात. बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो आणि गंज त्या दोन थरांच्या मध्ये असतो. निचऱ्याची भोकं चिखलाने बुजली की पाणी तिथेच साचतं. तारेने भोकं मोकळी करा, आतून हवा मारा, पूर्ण वाळू द्या आणि सगळं रंगकाम झाल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचं मेण) सोडा. जुनं इंजिन ऑइल मारण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण ते दरवाज्याची रबरं फुगवतं आणि पुढे कधी तिथे रंग लावायचा झाला तर धरत नाही. दुमड पूर्ण गेली असेल तर वेळ घालवू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारात बरा दरवाजा शोधणं स्वस्त पडतं.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, नट-बोल्ट यांना ग्राइंडर लावत बसू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बाजूला लोखंडाची भंगार पट्टी आणि १२ व्होल्टचा चार्जर. पार्ट निगेटिव्हला, पट्टी पॉझिटिव्हला, दोन्ही एकमेकांना न टेकता. रात्रभरात गंज सुटतो. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बादली उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो.

व्हील डिस्क, हौद्याचे क्रॉस मेंबर, पाट्यांचे हँगर यांसाठी मी बेलाशक ब्लास्टिंगच सुचवेन. जाड लोखंड आहे, फुगायची भीती नाही, कानाकोपरे ग्राइंडरला साधत नाहीत आणि माल थोडा असल्याने इपॉक्सी वेळेत मारून होतो. पूर्ण चासी द्यायची झाली तर दोन कामं न चुकता करा. चासी नंबर जिथे कोरलाय ती जागा जाड रबराच्या तुकड्याने आणि दोन-तीन थर टेपने झाका. आरटीओत तपासणीला त्याचा पेन्सिल छापा घेतात आणि ब्लास्टिंगने आधीच झिजलेले आकडे पुसट झाले तर गाडी कितीही सुंदर झाली तरी कागदावर अडकते. घरीही त्या जागी ग्राइंडर नको, हाताने वायर ब्रश मारा आणि ग्रीस लावून ठेवा. दुसरं, ब्लास्टिंगच्या आधी पेन्सिल छापा आणि फोटो स्वतः घेऊन ठेवा. रंग बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, तेव्हाही हे कागद जवळ असलेले बरे.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. होळीपर्यंत हवा कोरडी असते, इपॉक्सी नीट बसतो. केबिनचा तळ आणि हौदा आधी उरका, दरवाजे मागाहून. कारण दरवाजे सुटे करून घरात ठेवता येतात, केबिन ठेवता येत नाही.