बटणाला हात न लावता ट्रे आत-बाहेर: 'इजेक्ट' कमांडचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्यांच्याकडे सीडी-डीव्हीडींचा ढीग पडून आहे आणि तो हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात नाटकांच्या व्हीसीडी, कीर्तनाच्या आणि नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीडी, वाचनालयाच्याच व्याख्यानमालांच्या डीव्हीडी अशा कपाटं भरून डिस्क आहेत. कोकणातली दमट हवा, त्यामुळे काहींवर बुरशीचे ठिपके दिसायला लागले होते. पावसाळ्याच्या तोंडावर काम हाती घेतलं, ते अजून चालू आहे. या सगळ्या काळात आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीममधली 'इजेक्ट' नावाची छोटीशी कमांड. ड्राइव्हचा ट्रे बटण न दाबता उघडणारी आणि, मुख्य म्हणजे, आत घेणारी.

यंत्र साधं आहे. कोणीतरी देणगी दिलेला जुना डेस्कटॉप, त्यात उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), आणि पुढच्या बाजूला एकाखाली एक बसवलेले दोन पूर्ण आकाराचे साटा (संगणकाच्या आतल्या जोडणीचा एक प्रकार) डीव्हीडी रायटर. 'इजेक्ट' वेगळी आणावी लागली नाही, ती आधीपासूनच होती. ही कमांड मुळात जेफ ट्रँटर यांनी लिहिली. २०१२ मध्ये ती युटिल-लिनक्स या मूलभूत साधनांच्या संचात आली, त्यामुळे बहुतेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांमध्ये, ती सापडतेच.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, नुसतं 'इजेक्ट' लिहून एंटर मारलं की ट्रे बाहेर. त्यापुढे डॅश आणि लहान 'टी' दिलं की आत. कॅपिटल 'टी' दिलं तर बाहेर असलेला आत जातो आणि आत असलेला बाहेर येतो. रोजच्या कामाला एवढं पुरतं. ड्राइव्ह साटा असो वा यूएसबी, खाली भाषा स्कझी या संगणक आणि ड्राइव्ह यांच्यातल्या ठरलेल्या आज्ञासंचाचीच चालते. 'स्टार्ट स्टॉप युनिट' नावाची एक आज्ञा ड्राइव्हला जाते आणि तिच्यातले दोन बिट ठरवतात की ट्रे बाहेर टाकायचा की आत ओढायचा. विंडोज असो, मॅक असो, शेवटी हीच आज्ञा पोहोचते. म्हणून ड्राइव्हमध्ये ट्रे हलवायची मोटर असेल तर हे काम कुठल्याही संगणकावर जमतं, फरक फक्त ती आज्ञा द्यायची सोय कितपत आहे याचा.

आता खरा मुद्दा. ट्रे सॉफ्टवेअरने उघडता येतो हे बहुतेकांना माहीत असतं, माउसचं उजवं बटण दाबलं की तो पर्याय दिसतो. पण शेकडो डिस्क एकामागून एक घालायच्या असतात तेव्हा उघडणारा ट्रे म्हणजे निरोप असतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड ओळीने चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, नियम असा ठेवला आहे: डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत (माहितीच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत) नीट वाचली गेली, फाइल तपासून झाली, तरच ट्रे बाहेर येतो. वाचताना एकही चूक राहिली तर ट्रे बंदच राहतो आणि स्पीकरवर एक बीप वाजतो. त्यामुळे वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं, ज्यांना संगणकातलं फारसं कळत नाही, तीही हे काम करू शकतात. ट्रे उघडा दिसला की डिस्क काढायची, 'झाले' लिहिलेल्या खोक्यात टाकायची, पुढची ठेवायची. स्क्रीनकडे बघायचीसुद्धा गरज नाही. पेपर वाचता वाचता दोन ड्राइव्ह सहज सांभाळता येतात. आणि खराब डिस्क चुकून 'झाले'च्या खोक्यात जात नाही, कारण ती ड्राइव्हने बाहेरच दिलेली नसते. मला या सगळ्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रगतीचे टक्के दाखवणारे सुंदर प्रोग्रॅम खूप आहेत, पण हाताशी येणाऱ्या ट्रेइतका स्पष्ट निरोप त्यातला एकही देत नाही.

स्क्रिप्ट लिहिताना दोन ठिकाणी अडायला होतं, ती आधीच सांगतो. पहिलं, उघडलेला ट्रे क्षणात परत आत जातो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 'ऑटोक्लोज' नावाची सोय आहे. ट्रे उघडा असताना एखाद्या प्रोग्रॅमने ड्राइव्ह वाचायला उघडला की कर्नल स्वतःहून ट्रे मिटतो. आपली स्क्रिप्ट 'डिस्क आली का?' असं सारखं विचारत असेल तर प्रत्येक वेळी ट्रे आत ओढला जातो, आणि कोणाच्या तरी हातात तोवर डिस्क असते. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये 'डेव्ह डॉट सीडीरॉम डॉट ऑटोक्लोज' शून्य केलं की हे थांबतं. ड्राइव्हची नुसती स्थिती विचारायची असेल तर तो 'नॉनब्लॉक' पद्धतीने, म्हणजे डिस्कची वाट न बघता, उघडायचा. मग कर्नल चारपैकी एक उत्तर देतो: डिस्क नाही, ट्रे उघडा आहे, ड्राइव्ह अजून तयार नाही, किंवा डिस्क ठीक आहे. पायथनच्या आठ-दहा ओळींत हे बसतं.

दुसरं, ट्रे आत गेला म्हणजे डिस्क वाचायला तयार झाली असं नसतं. ती फिरायला लागते, लेझर तिचा प्रकार ओळखतो, सुरुवातीची यादी वाचली जाते. जुन्या रायटेबल डिस्कला यात चांगला वेळ लागतो. घाईने वाचायला गेलं तर 'मीडियम सापडलं नाही' असं उत्तर येतं. वरच्या चार उत्तरांतलं 'डिस्क ठीक आहे' येईपर्यंत थांबायचं. ठरावीक सेकंद झोपवणारी स्क्रिप्ट लिहू नये, प्रत्येक डिस्कचा वेळ वेगळा असतो.

ऑडिओ सीडींसाठी स्वतः काही लिहावं लागलं नाही. 'एबीसीडीई' हा जुना आणि भरवशाचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'इजेक्टसीडी'समोर 'वाय' लिहिलं की गाणी उतरवून झाल्यावर ट्रे आपोआप उघडतो. मराठी सीडींची नावं ऑनलाइन यादीत क्वचितच सापडतात, ती हाताने भरावी लागतात, पण तो विषय वेगळा. नाटकांच्या व्हीसीडींना मात्र निराळी वागणूक द्यावी लागते. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून एकेक नाटक दोन-तीन डिस्कवर विभागलेलं. त्यातले व्हिडिओचे सेक्टर नेहमीच्या डेटा डिस्कसारखे नसतात, त्यामुळे आतली फाइल साधी कॉपी करायला गेलं की वाचनाची चूक येते. डिस्क धडधाकट असली तरी येते. त्यासाठी व्हीसीडी-इमेजर संचातला 'व्हीसीडीएक्सरिप' वापरतो, आणि तो यशस्वी झाला तरच 'इजेक्ट' चालते. दोन-तीन डिस्कच्या संचात पहिली संपली की ट्रे उघडून दुसरीची वाट बघतो. पूर्वी अंकांची अदलाबदल होण्याची भीती असायची, ती यामुळे गेली.

आमच्याकडे निवृत्त ग्रंथपाल काका रोज सकाळी येतात. त्यांच्या हाताला कंप आहे. ड्राइव्हवरचं ते बारीकसं बटण नेमकं दाबणं त्यांना जड जातं, आणि उघडा ट्रे बोटाने ढकलताना तो तिरका होतो, त्याने दात्यांवर ताण येतो. डिस्क दोन्ही हातांनी धरून ट्रेवर ठेवणं मात्र त्यांना नीट जमतं. म्हणून कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये एका मोठ्या, एकट्या असलेल्या कीला कॅपिटल 'टी'वाली 'इजेक्ट' जोडून दिली. ती की दाबली की ट्रे बाहेर, परत दाबली की आत. ज्या डिस्क स्वतःच्या हाताने त्यांनी नोंदवहीत चढवल्या होत्या, त्याच आता ते स्वतः उतरवून घेत आहेत. ज्यांच्या घरी संधिवात किंवा कंप असलेलं कोणी वडीलधारं आहे आणि जुनी गाणी ऐकायला सीडी लावते, त्यांनी ही सोय जरूर करून द्यावी.

आणखी एक पर्याय कामाचा निघाला. 'इजेक्ट'ला डॅश 'आय' आणि 'ऑन' दिलं की ड्राइव्हवरचं बटण बंद होतं. बालविभागातली मुलं येता-जाता ते बटण दाबायची आणि वाचन अर्ध्यावर तुटायचं. आता काम सुरू होताना स्क्रिप्ट बटण बंद करते आणि ट्रे उघडायच्या आधी परत चालू करते. मॅन्युअलमध्ये हा पर्याय पिशवीतून लॅपटॉप नेताना ट्रे उघडू नये म्हणून सांगितला आहे. डॅश 'एक्स'ने ड्राइव्हचा वेग कमी करता येतो, ओरखडे पडलेल्या डिस्कना त्याचा फायदा होतो. मात्र डिस्क बदलली की हा वेग विसरला जातो, दर वेळी नव्याने द्यावा लागतो.

'डिव्हाइस बिझी' असं म्हणून ट्रे अडून बसला तर बहुतेक वेळा फाइल मॅनेजरने डिस्क आपोआप माउंट करून, म्हणजे वापरासाठी जोडून घेऊन, चित्रं वाचायला घेतलेली असतात. अशा यंत्रावर ऑटोमाउंट बंद ठेवलेलं बरं.

वाचन कक्षातल्या दुसऱ्या संगणकावर विंडोज आहे. तिथे फाइल एक्स्प्लोररमध्ये 'इजेक्ट' मिळतं, पण ट्रे आत घ्यायचा पर्यायच नाही. त्यासाठी नीर सोफर यांचं 'नीरकमांड' वापरलं. इन्स्टॉल करावं लागत नाही, एकच लहान फाइल. 'सीडीरॉम ओपन' आणि ड्राइव्हचं अक्षर, किंवा 'सीडीरॉम क्लोज' आणि अक्षर. डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट करून ठेवले, कोणालाही समजतात. मॅकवर 'ड्रयूटिल ट्रे इजेक्ट' आणि 'ड्रयूटिल ट्रे क्लोज' आहे, पण आमच्याकडे मॅक नाही, म्हणून त्याचा अनुभव सांगत नाही.

आता जे नाही जमत ते. लॅपटॉपमधल्या आणि यूएसबीवरच्या पातळ ड्राइव्हचा ट्रे सॉफ्टवेअरने आत जात नाही. त्यात ट्रे बाहेर ढकलायला स्प्रिंग असते, आत ओढायला मोटर नसतेच. कुठलीही कमांड देऊन उपयोग नाही, बोटानेच ढकलावा लागतो. कर्नल 'प्रॉक' या फोल्डरमध्ये दाखवतो ती ड्राइव्हची माहिती बघून ठरवू नका. आमच्याकडच्या पातळ ड्राइव्हसमोरही 'ट्रे बंद करू शकतो' या ओळीत १ दिसतं. असल्या कामाला पूर्ण आकाराचाच ड्राइव्ह घ्या. डेस्कटॉप नसेल तर साटा ते यूएसबी अडॅप्टरने तो लॅपटॉपला जोडता येतो, पण अडॅप्टरसोबत १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा हवा, एकट्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर त्याची मोटर चालत नाही.

खराब सेक्टरवर ड्राइव्ह अडकला की 'इजेक्ट'ही ताटकळते. ड्राइव्ह तेच तेच पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असतो आणि तो सोडेपर्यंत दुसरी आज्ञा ऐकत नाही. तिथे धीर धरायचा, नाहीतर संगणक बंद करून पुढच्या बारीक भोकात उघडलेली पेपरक्लिप घालायची. तसंच, ट्रे हलवणारा रबरी पट्टा वर्षांनुवर्षांनी सैल होतो. आमच्या खालच्या ड्राइव्हचा गणपतीच्या सुमारास सैल झाला. कमांड गेली की मोटरचा आवाज यायचा, ट्रे जागचा हलायचा नाही. ड्राइव्ह उघडून पट्टा बदलला आणि तो पूर्ववत चालू झाला. दिवसभर ट्रे आत-बाहेर होत असेल तर एखादा जादा पट्टा आणून ठेवावा.

दोन ड्राइव्ह असतील तर शेवटचं एक लक्षात ठेवा. लिनक्सने दोन ड्राइव्हना दिलेली 'एसआर-झिरो' आणि 'एसआर-वन' ही नावं संगणक परत सुरू केल्यावर आपसात बदलू शकतात. मग स्क्रिप्ट वाचते एक ड्राइव्ह आणि ट्रे उघडतो दुसरा. 'डेव्ह'मधल्या 'डिस्क, बाय-आयडी' या फोल्डरमध्ये ड्राइव्हच्या मॉडेल आणि सिरियल नंबरवरून बनलेली कायमची नावं असतात, स्क्रिप्टमध्ये तीच लिहा. आम्ही दोन्ही ड्राइव्हवर मार्करने 'वरचा' आणि 'खालचा' लिहून तीच नावं स्क्रिप्टलाही दिली आहेत.