येझदी रोडकिंग: चौदा महिने, दोन पिस्टन

महाद्वार रोडजवळच्या पार्किंगमधला पोरगा म्हणाला, किल्ली द्या, गाडी मागच्या रांगेत लावतो. पाच मिनिटांनी परत आला. "काका, ह्येची किक कुठं हाय?" दोन्ही बाजू बघून झाल्या होत्या, वाकून खालनंही बघितलं होतं. त्याला दाखवलं. डाव्या बाजूचा गिअरचा दांडाच बुटाच्या टोकाने आत, इंजिनाकडे दाबायचा. मग तो सुटतो. वर फिरवून उभा केला की झाली किक. गाडी सुरू झाली की तोच दांडा पुन्हा पुढे-खाली आणायचा, परत गिअर. पोरगा "आयला" म्हणाला आणि त्याने गाडी ढकलतच नेली.

गाडी १९८६ ची रोडकिंग, टू-स्ट्रोक मोटरसायकल (पिस्टन एकदा वर-खाली झाला की एक स्फोट). म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची, एक सिलिंडर, २५० सीसी, १६ अश्वशक्ती, चार गिअर आणि दोन सायलेन्सर. तो कारखाना १९९६ ला बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाने नव्या गाड्या रस्त्यावर आहेत, पण त्या फोर-स्ट्रोक, त्यांचा या अनुभवाशी संबंध नाही. माझी गाडी मामांची. गडहिंग्लजला गोठ्याशेजारी अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मामांनी एकच अट घातली होती, "विकायची असंल तर नेऊ नको."

आणली तेव्हा डोक्यात कॅफे रेसर होती. मोबाईलमध्ये फोटो साठवलेले. खाली वाकलेला हँडल, मागे कुबड असलेली एकट्याची सीट, आखूड सायलेन्सर, सगळं काळं. चौदा महिने आणि साधारण ६,२०० किलोमीटरनंतर त्या फोटोंतलं गाडीवर काहीही उरलेलं नाही. घातलं सगळं, पैसेही घातले, आणि एकेक करून काढलं.

आधी इंजिन. उभ्या उभ्या पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. डिझेल ओतून चार दिवस ठेवलं, मग लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून काढला. कोल्हापुरात राहण्याचा फायदा इथे होतो. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, सकाळी सिलिंडर नेऊन द्या, संध्याकाळी बोर मारून (झिजलेलं भोक किंचित मोठं करून), होनिंग करून (आतून घासून) हातात. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) उघडून नवीन कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ऑइल सील, आणि परत प्रेसवर बसवून डायल लावून सरळ केला. इथे पैसे वाचवू नका. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं आणि तिथे दाबलं जाऊन वर ढकललं जातं. सील हवा ओढायला लागलं की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि तुम्ही कार्ब्युरेटरच्या स्क्रूशी खेळत बसता. मी दोन आठवडे खेळलो, कारण पहिल्यांदा एका बाजूचं सील जुनंच ठेवलं होतं.

आता माझी फजिती. वाकडा हँडल आणि एकट्याची सीट तीन महिने टिकली. पहिल्या रविवारी पन्हाळ्याला गेलो, जेमतेम वीस किलोमीटर, तर वर जाईपर्यंत मनगटं भरून आली. रोडकिंगचे फूटरेस्ट पुढे आहेत. हँडल खाली आणि पाय पुढे अशी बैठक माणसाच्या शरीराला जमत नाही, ती फोटोपुरतीच छान. बायकोने सीट बघितली आणि विचारलं, "मी कुठं बसायचं?" उत्तर नव्हतं. नशीब एवढंच की सीटसाठी मागची चेसी कापायला मी नकार दिला होता. फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडर हातात घेतलाच होता. कापली असती तर आज जुनी सीट परत बसली नसती.

आखूड सायलेन्सरचं प्रकरण जास्त शिकवून गेलं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. जळलेला वायू बाहेर पडताना त्याच्या मागोमाग ताजं मिश्रणही निसटू बघतं, आणि सायलेन्सरमधून परत फिरणारी दाबाची लाट ते पुन्हा आत रेटते. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनचाच भाग. त्याची लांबी, आतलं बॅफल (आवाज अडवणारी भोकांची नळी), सगळं हिशेबाने ठरवलेलं. मी बॅफलशिवायचे दोन पाईप लावले तर आवाज तिप्पट झाला आणि कमी वेगातली ओढ गेली. तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढणारी गाडी दुसऱ्यात कण्हायला लागली. शिवाय असले सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर पोलीस रोलर फिरवतात, तेही बघून होतो. जुने शोधले. आत कार्बनचा डांबरासारखा थर. बॅफल काढून कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजवले (हातमोजे घाला, मी एका बोटाची साल गमावली), सकाळी तारेने घासले. लावले, आणि गाडी परत आली. ती मोकळी, घुमणारी धडधड, ज्यासाठी लोक या गाडीवर जीव टाकतात, ती बॅफलसकटच येते.

पैसे खरे वसूल झाले ते न दिसणाऱ्या बदलात. मूळ गाडी सहा व्होल्टची, डायनामो आणि पॉइंटवर (पॉइंट म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारी धातूची चिमटी). रात्रीचा हेडलाइट म्हणजे देव्हाऱ्यातली समई. पॉइंट सेट करायचा आमच्या मिस्त्रींचा प्रकार बघण्यासारखा आहे. प्लग काढून भोकात लांब स्क्रू ड्रायव्हर सोडायचा, पिस्टन वर येतोय ते बोटाला जाणवतं. पॉइंटच्या चिमटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. क्रँक हळूहळू फिरवायचा, कागद ज्या क्षणी अलगद सुटतो तो स्पार्कचा क्षण. डोळे मिटून करतात. पण पॉइंट झिजतात, दोन-तीन महिन्यांत सेटिंग हलतं, आणि दर वेळी मिस्त्रींना गाठायचं म्हणजे अवघड. बारा व्होल्टचं, सीडीआय (पॉइंटशिवाय इलेक्ट्रॉनिक स्पार्क) असलेलं किट बसवलं. आता थंडीतही दुसऱ्या किकला गाडी सुरू होते, हेडलाइटला रस्ता दिसतो आणि हॉर्न म्हशीलाही ऐकू जातो. मिस्त्री पंधरा दिवस नाराज होते. जुना डायनामो मात्र त्यांनीच कापडात गुंडाळून मला दिला.

दुसरा पिस्टन माझ्या हातून गेला. या गाडीला तेलाचा वेगळा पंप नाही, टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. मी लिटरला ४० मिली घालतो, म्हणजे पंचवीसला एक. नवीन बोरनंतर पहिले पाचशे किलोमीटर ५० मिली. पूर्वी पंपावरच टू-टीचं हाताने मारायचं यंत्र असे, आता बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून तेल आणि मापाला मुलीची जुनी दुधाची बाटली टूलबॉक्समध्ये. एप्रिलमध्ये पाच लिटर भरलं, १०० मिली ओतलं आणि फोन आला. उरलेलं १०० राहून गेलं. कागलच्या अलीकडे हायवेला, ऐंशीच्या आसपास, आधी आवाज बदलला. टणटणीत होता तो बसका झाला. मग कुणी मागून कॅरिअर धरल्यासारखी गाडी जड. क्लच दाबेपर्यंत मागचं चाक एकदा चिरकलं. बाजूला घेतली, वीस मिनिटांनी किक फिरली, पण आतून खरखर. सिलिंडर उघडल्यावर मिस्त्रींनी पिस्टन उन्हात धरला. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम पुसल्यासारखं लांबलेलं, रिंग खाचेत चिकटलेली. "बाळा, म्हशीला पेंड कमी घातलीस तर दूध कमी देती. ह्ये डायरेक्ट मरतंय." परत उद्यमनगर, पुढचा ओव्हरसाइझ, म्हणजे भोक आणखी मोठं करून एक माप मोठा पिस्टन. या सिलिंडरमध्ये आता फार बोर शिल्लक नाहीत.

तेल पेट्रोलमधूनच जातं, त्यामुळे घाट उतरताना वेगळी सवय लागते. फोर-स्ट्रोकवाले थ्रॉटल बंद करून गिअरवर उतरतात. इथे थ्रॉटल बंद म्हणजे तेलही जवळपास बंद, आणि इंजिन तर फिरतंच आहे. गगनबावड्यावरून भुईबावडा घाटाने उतरलो तेव्हा मिस्त्रींनी बजावल्याप्रमाणे दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटलला एक हलका हिसका देत होतो. मागे बसलेल्या बायकोला वाटलं, मी वळणावळणावर कुणालातरी सलामी देतोय. इंजिन ब्रेकिंगही नावालाच, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक दोन्हीकडे ड्रम. डिस्क बसवून देणारे भेटले, पण मी ड्रम लेथवर साफ करून नवीन लायनर चिकटवून घेतले. आजच्या गाडीच्या मानाने ब्रेक कमीच आहेत हे मान्य करून अंतर ठेवतो. कळे-साळवणच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉलीमागे तर फारच.

मायलेज २८ ते ३०. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा त्रास जाणवतो, पण चालवताना नाही, गाडी उभी ठेवली की. इथेनॉल पाणी ओढतं, जुनी टाकी आतून गंजते, रबरी नळ्या फुगतात. नळी बदलली. चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. पावसाळ्यात महिनाभर उभी होती तेव्हा हे केलं नाही, आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) हिरवट चिकटा निघाला.

अजून न सुटलेलं: क्लचच्या झाकणातून तेलाचा थेंब. तीन गॅस्केट झाल्या. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकतो. गिअर बदलताना दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायची जी या गाडीची खासियत, ती माझ्या गाडीत पहिल्या-दुसऱ्यापुरतीच चालते. आणि धूर. सकाळी सुरू केली की शेजारच्या वहिनी खिडकी लावतात.

घ्यायचा विचार असेल तर गाडीआधी कागद बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी परत, पर्यावरण कर, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवीन सुरक्षा नंबरप्लेट. आरटीओत चेसी आणि इंजिन नंबर ताडून बघतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेली स्वस्त गाडी सोडून द्या.

दिवाळीत मामा आले. तोपर्यंत जुना हँडल, जुनी सीट, जुने सायलेन्सर परत लागले होते. टाकीचा रंगही मूळ मरून, आणि सोनेरी पट्टे एका नंबरप्लेटच्या पेंटरकडून हाताने मारून घेतले होते. मामांनी चप्पल काढून बूट मागितले, माझेच घातले. दांडा आत दाबला, वर घेतला, एकाच किकला सुरू. रंकाळ्याला चक्कर मारून आले, उतरले, टाकीजवळ वाकून बघितलं.

"आवाज बराय. पण ह्यो पट्टा तुझ्या पेंटरनं एक सूत खाली मारलाय."

संध्याकाळी जुना फोटो काढून पट्टी लावली. मारलाय.