सोसायटीची नोटीस: 'परिरक्षण शुल्क', 'मेंटेनन्स' की 'देखभाल खर्च'?

सेक्रेटरी झालात की नोटिशीच्या पहिल्याच ओळीला पेन अडतं. 'जलपुरवठा खंडित राहील', 'वॉटर सप्लाय बंद राहील' की सरळ 'पाणी येणार नाही'? पहिलं भारदस्त, दुसरं अर्धवट, तिसरं जिना चढताचढता वाचलं तरी कळतं. तिसरंच घ्या.

पण साधा मराठी शब्द दरवेळी सरस ठरतो असं नाही. 'परिरक्षण शुल्क' कोणी बोलत नाही आणि 'देखभाल खर्च' वाचून लोक विचारतात, हा कुठला नवा खर्च? तिथे 'मेंटेनन्स' बरा. तो केव्हाच मराठी झालाय. उलट 'ड्यूज' आणि 'प्रलंबित देयके' या दोन्हींपेक्षा 'थकबाकी' चांगला, नेमक्या माणसाला टोचतो. त्यातली 'बाकी' मूळची अरबी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी बाकी, तारीख, रक्कम, अर्ज आजही आपल्या तोंडी आहेत. सावरकरांचा 'दिनांक' रुजला, पण कागदाच्या कोपऱ्यात. बोलताना आपण तारीखच विचारतो.

वार्षिक सभेच्या नोटिशीत मात्र बोलीचा मोह टाळा. सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते, तेव्हा उपविधींतले 'सर्वसाधारण सभा', 'गणपूर्ती', 'इतिवृत्त' हे शब्द जसेच्या तसे ठेवा. नुसतं 'मीटिंग' लिहिलंत तर ती समितीची की सर्व सभासदांची, यावरच तासभर जाईल. 'गणपूर्ती'शेजारी 'कोरम' लिहायला हरकत नाही.

खरा घोळ घालतात ते वेळेचे शब्द, आणि ते कठीण नसतात म्हणूनच. 'परवाची सभा' होऊन गेली की व्हायची आहे? फळ्यावरचा 'उद्या' तर रोज एक दिवस पुढे सरकतो. तिथे वार आणि तारीख दोन्ही हवेत. तेवढ्यानेही भागत नाही. आमच्या इमारतीत एकदा 'मंगळवारी रात्री १२ पासून पाणी बंद' अशी नोटीस लागली. घड्याळाप्रमाणे मंगळवार तिथे सुरू होतो. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि आपणही बोलताना जेवणानंतरच्या रात्रीला मंगळवारचीच रात्र म्हणतो. निम्म्या घरांनी सोमवारी पिंपं भरली. उरलेल्यांनी मंगळवारी सकाळी नळ सोडला तर नुसती हवा. तेव्हापासून आमच्या फळ्यावर वेळ नसते, 'सोमवारी झोपण्याआधी पाणी भरून ठेवा' एवढंच असतं.