गायनवृंदातून वर्गाकडे : सेंट ओलाफचा संगीतशिक्षक अभ्यासक्रम
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १८७४ साली स्थापन झालेल्या सेंट ओलाफ या ल्यूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) महाविद्यालयातील संगीतशिक्षण पदवीचे खरे बळ तिच्या वृंदगायनाच्या परंपरेत आहे, असे माझे मत आहे. वृंदसंचालक मेलियस ख्रिश्चन्सन यांनी १९१२ मध्ये उभारलेल्या वृंदामुळे साथीच्या वाद्यांविना एकत्र गाण्याची जी शिस्त येथे रुजली, ती भावी शिक्षकाला सूक्ष्मपणे ऐकायला आणि सूर नेमका कुठे ढळला हे ओळखायला शिकवते. केवळ पाठ्यपुस्तकातून हे क्वचितच साधते. अध्यापनशास्त्र आणि शाळेतील सराव पाठ अर्थातच आहेत. मात्र तेथील सरकारी शाळांत धर्मप्रसाराला मनाई असल्यामुळे, भजनाच्या भावाने आत्मसात केलेली चर्चगीते वर्गात निव्वळ संगीत म्हणून कशी शिकवावीत, हा प्रश्न इच्छुकाने प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावा.