सोळाशे पटीचं आमिष आणि स्पंजमधला गाळ

खोक्यावर ठसठशीत ‘1600 पट’ छापलं होतं, त्याला भुलून घेतला. विद्यार्थी वापरतात तसला मायक्रोस्कोप, साडेचार हजाराला. 100 पटीची लेन्स तेलाचा थेंब घालून वापरायची असते. दोनदा वापरली, पुसायचा वैताग म्हणून सोडून दिली. त्यावर 16 चं आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावलं की होतात सोळाशे पट, पण दिसतं काय, तर मोठं धुकं. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या लेव्हेनहूकच्या आज शिल्लक असलेल्या भिंगांतलं सगळ्यात ताकदवान सुमारे 270 पटीचं आहे, त्या माणसाचं काही अडलं नाही.

पहिले दोन दिवस माशांच्या टँकमधलं नितळ पाणी थेंबथेंब बघितलं. काही नाही. ह्यांनी विचारलं, “उलटा तर नाही ना बसवलास?” मग फिल्टरचा स्पंज वाटीत पिळला, खाली बसलेला गाळ ड्रॉपरने उचलला आणि 10 ची लेन्स लावली. अहो, आठवडी बाजार! देठावर उभ्या घंटांसारख्या व्हॉर्टिसेला, एकपेशीय जीव. टेबलाला टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा आकसतो, मग सावकाश सरळ होतो. अर्धा तास मी टिचक्याच मारत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. रोटिफर नावाच्या इवल्याशा प्राण्याच्या डोक्यावर दोन चाकं गरगरताना दिसतात. पॅरामीशियम हा एकपेशीय जीव मात्र थांबतच नाही. कापसाचे चार तंतू विंचरून कव्हरस्लिपखाली (थेंबावर ठेवायची पातळ काच) ठेवले तर ते त्यात घुटमळतं, तेव्हा नीट बघून होतं.

पैसे वसूल झाले ते जूनमध्ये. टँकमधल्या गप्पी माशांच्या अंगावर मिठासारखे कण आले. दुकानदाराने बुरशी म्हणून औषध दिलं. नुकत्याच मेलेल्या एका गप्पीच्या अंगावरचा चिकटा खरवडून स्लाइडवर घेतला, तर एक गोळा संथपणे स्वतःभोवती फिरतोय आणि पोटात घोड्याच्या नालेसारखं केंद्रक. हा ‘इक’चा परजीवी, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा. बुरशी नव्हेच. औषध बदललं, बाकीचे सात वाचले.

तक्रारी आहेत. सोबतचा मोबाइल होल्डर निव्वळ खेळणं, फोन घसरतोच. बारीक फोकसचा स्क्रू ढिला आहे. आणि 40 ची लेन्स स्लाइडच्या इतकी जवळ येते की वरून बघत खाली आणली तर काच गेलीच म्हणा. आधी बाजूने बघून लेन्स जवळ न्यायची, मग आयपीसमध्ये डोळा लावून ती वर घेत फोकस करायचा. हे कळेपर्यंत माझ्या अकरा कव्हरस्लिपा फुटल्या. तेव्हा घेणार असाल तर कव्हरस्लिपांच्या दोन डब्या सोबतच मागवा.